आजोबांच्या दुनळीचा दस्ता: नवा मागवण्याआधी जुना उघडून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. औसा तालुक्यातल्या वाड्यात आजोबांच्या वेळची बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक आहे. परवाना वडिलांच्या नावावर होता आणि वडील गेल्या दिवाळीत वारले. दस्ता, म्हणजे मागचा लाकडी भाग, मानेशी (हाताने धरायच्या निमुळत्या जागी) तडकलाय, तिथे कुणीतरी तार आवळून दोन चुका ठोकल्यात आणि मागच्या टोकाला वाळवी लागलीय. परदेशातल्या एका दुकानाचा 'बारा बोअरचा तयार दस्ता' तुम्हाला नेटवर दिसला. तो मागवून गावच्या सुताराकडून बसवावा की सागवानाचा नवाच करून घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

माझं म्हणणं असं की आत्ता यातलं काहीच करू नका. लाकूड कुठलं हा प्रश्न चौथ्या नंबरावर येतो. बंदूक कायद्याने कुणाच्या ताब्यात आहे, नळ्या शाबूत आहेत का आणि जुना दस्ता खरंच गेलाय का, हे तीन प्रश्न त्याच्या आधी सुटायला हवेत. आमचं घराणं सुताराचं. वडील बाभळीची गाडीची चाकं आणि धावड्याचे आख करायचे. मी पुढे हैदराबादला एका उस्तादांकडे सहा वर्षं काढली आणि गेली ३१ वर्षं मराठवाड्यातच परवाना घेऊन बंदूक दुरुस्ती करतोय. माझ्याकडे 'दस्ता बदलायचाय' म्हणून आलेल्या जुन्या बंदुकांपैकी निम्म्याहून जास्त बंदुका मूळच्याच दस्त्यावर परत गेल्या आहेत.

आधी कागद. बंदूक आज नेमकी कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. परवानाधारक वारला की ती घरात ठेवायचा हक्क संपतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे वारसाने ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. अजून वाड्यातच असेल तर वकिलाला घेऊन ठाण्यात जा आणि जमा केल्याची पावती घ्या. शक्य असेल तर विक्रेत्याकडे ठेवा. निवडणुकीत ठाण्यात जमा झालेल्या बंदुका मी दरवेळी बघतो. पावसाळ्यात एखाद्या कोपऱ्यात चार-पाच महिने उभी राहिली की नळीवर गंज धरतो आणि लाकूड ओल पितं. विक्रेत्याकडे निदान तेलाचा हात तरी फिरतो.

मग वारस म्हणून तुमच्या नावाने परवान्याचा अर्ज. तुमच्याकडे तो जिल्हाधिकारी कार्यालयात जाईल. छत्रपती संभाजीनगर शहरात राहणाऱ्यांचा पोलीस आयुक्तांकडे जातो. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत तयार ठेवा. भाऊबहिणींशी आधीच बोलून घ्या, कारण अर्ज अडतो तो बहुतेक वेळा तिथेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. तुमच्या नावावर आधीच दोन असतील तर घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी नाव पुढे करावं लागेल.

याच टप्प्यावर एक गोष्ट नक्की तपासा: परवान्यावरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर. निजामाच्या काळातले आपल्याकडचे मूळ कागद उर्दूत असायचे. पुढे कुणी तरी ते उतरवून घेतले आणि त्यात चुका शिरल्या. बंदुकीचा नंबर साधारणपणे चापाभोवतालच्या कडीच्या शेपटीवर आणि नळ्यांच्या बुडाशी सपाट जागेवर असतो. पण बंदुकीवर पेटंटचाही नंबर असतो, आणि लिहिणाऱ्याने नेमका तोच उतरवून घेतलेला मी पाहिलाय. ही चूक तुमच्या नावाने परवाना निघण्याआधी दुरुस्त करून घ्या. आणि कुणी कितीही सांगितलं तरी बंदुकीला बफिंग करू देऊ नका. त्यात नंबर आणि खुणा पुसल्या जातात, आणि नंबर पुसणं हा कलम ८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

गावच्या सुताराचं उत्तरही कायद्यातच आहे. निर्मिती आणि विक्रीसारखीच दुरुस्तीही कलम ५ मध्ये येते. तिला परवाना लागतो. सुतार कितीही कसबी असला तरी बंदूक त्याच्या ओसरीवर नेऊन टाकली तर तोही अडकेल आणि तुम्हीही. परदेशी दस्त्याचंही तसंच. कायद्यातल्या 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे सुटे भागही धरलेले आहेत. ऑनलाइन पैसे भरून पार्सल मागवाल आणि ते कस्टममध्ये अडकेल. मागवायचंच असेल तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत.

आता लोखंड. दस्त्यावर हजारो रुपये घालण्याआधी ती बंदूक बार सोसणार आहे का हे कळायला हवं. पुढचं सगळं मी माझ्या बाकावर करतो. तुमचा दुरुस्तीवाला हे करतोय की नाही हे तुम्हाला ओळखता यावं, म्हणून सांगतो.

बंदूक रिकामी आहे याची खात्री करून नळ्या उतरवतो, बुडाच्या आकड्याने दोरीला टांगतो आणि बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारतो. देवळातल्या लहान घंटेसारखा स्वच्छ, लांबत जाणारा नाद आला तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचं डाक (झाळ) धरून आहे. फुटक्या माठासारखा बसका आवाज आला तर डाक कुठे तरी सुटलंय आणि आत ओल शिरलीय. मग नळीतून खिडकीच्या उजेडाकडे बघतो. पोचा असेल तर आतल्या उजेडाच्या कड्या वाकड्या दिसतात, खड्डे असतील तर काळे ठिपके. मग नळ्यांखालचा पुढचा लाकडी हात काढून, नळ्या जोडून बंदूक कानाशी हलवतो. खुळखुळली तर सांधा झिजलाय.

नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी किंवा घोंगडीच्या विणीसारखी नक्षी दिसते का, तेही बघायला सांगा. ती दमास्कस नळी असू शकते, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेली. ती काळ्या दारूच्या जमान्यातली. आजची धूरविरहित दारूची काडतुसं तिच्यात घालायची नाहीत, मग ती बाहेरून कितीही सुंदर असो. बुडाच्या सपाट जागेवर चाचणीच्या खुणा असतात. बेल्जियमच्या बंदुकीवर अंडाकृतीत ई-एल-जी ही अक्षरं, बर्मिंगहॅमच्या बंदुकीवर मुकुटाखाली अक्षरं. 'नायट्रो प्रूफ'ची खूण नसेल तर ती बंदूक आधुनिक दारूसाठी तपासलेली नाही असं मी धरतो.

आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. जुन्या इंग्रजी बंदुकांत काडतुसाचं घर, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा, बहुधा अडीच इंचाचं, म्हणजे साधारण ६५ मिलिमीटरचं असतं. त्यात ७० मिलिमीटरचं काडतूस बिनबोभाट आत जातं, कारण ती लांबी उडाल्यानंतरची, उलगडलेल्या टोकासकटची असते. बार होताना टोक उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. म्हणून घराची लांबी मोजून घ्या आणि ती कागदावर लिहून परवान्याबरोबर ठेवा.

नळ्या बार सोसण्यासारख्या नाहीत असं निघालं तर निराश होऊ नका. बंदूक परवान्यावर राहते, घरात राहते, फक्त चालवायची नाही. अशा बंदुकीचं लाकूड तर मी जास्तच जपून करतो, कारण आता ती बघण्यासाठी आणि हात फिरवण्यासाठीच आहे.

आता तुमच्या खऱ्या काळजीकडे, दस्त्याकडे. तो खराब कशाने होतो हे कळलं की वाचवायचा कसा हे आपोआप सुचतं. आपल्याकडे बंदूक ढाळजेत खुंटीला किंवा कोपऱ्यात नळी वर करून उभी असते. दर दसऱ्याला कुणी तरी नळीत सढळ हाताने तेल सोडतं. ते तेल वर्षभर खाली झिरपतं आणि दस्त्याचं तोंड, म्हणजे लाकूड जिथे लोखंडाला टेकतं ती जागा, चाळीस-पन्नास वर्षं तेल पीत राहते. लाकूड काळं, मऊ पडतं. बाराचा धक्का त्याच जागेवर येतो. तोंड दबलं की लोखंड मागे सरकतं, पाचरीसारखं मानेत घुसतं आणि मान तडकते. तुमची तडक पडल्यामुळे आलेली असेल तर एक इलाज, तेलाने आलेली असेल तर दुसरा. फोटोवरून ते सांगता येत नाही, दस्ता उतरवावाच लागेल.

उतरवणं हाच सगळ्यात नाजूक भाग. जुन्या बंदुकीच्या स्क्रूची खाच केसासारखी बारीक असते. बाजारातला पेचकस पाचरीसारखा निमुळता असल्याने तो खाचेच्या कडाच फोडतो. मी प्रत्येक स्क्रूसाठी पेचकसाचं पातं घासून, खाचेच्या तळापर्यंत घट्ट बसेल असं करून घेतो. आदल्या रात्री तेलाचा एक थेंब. सकाळी गरम सोल्डरिंगची काडी स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवायची, मग पेचकसावर लाकडी हातोडीची एक हलकी थाप आणि मग पाव फेरा. हलला नाही तर पुन्हा तेल आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी. हे स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत, प्रत्येकाचा आटा वेगळा. सगळ्या खाचा नळीच्या दिशेने एका रेषेत असतील तर बंदुकीला अजून कुणी आडदांडपणे हात लावलेला नाही असं समजायचं. तुमच्याकडे चुका ठोकणारा येऊन गेलाय, म्हणून आधी स्क्रूचे जवळून फोटो काढून दाखवा.

दस्ता उतरला की मी तेल ओढून काढतो. खडूची भुकटी किंवा मुलतानी माती थिनरमध्ये कालवून तोंडाशी जाड लेप द्यायचा आणि सुकू द्यायचा. सुकताना लाकडातलं तेल वर येतं आणि पांढरा लेप काकवीसारखा तांबूस होतो. तो खरवडायचा आणि नवा द्यायचा. एका बंदुकीला मी असे नऊ लेप दिलेत. खाली कठीण, कोरडं लाकूड लागलं तर दस्ता वाचला. नखाने दाबून अजून खड्डा पडत असेल तर ते तोंड धक्का सोसणार नाही.

तडकेतल्या चुका काढताना आजूबाजूचं लाकूड निळं-काळं पडलेलं दिसेल. अक्रोडातला तुरटपणा आणि लोखंड ओलीत एकत्र आले की शाईच तयार होते. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने तो डाग बराच उतरतो. मग तडक थिनरने आतपर्यंत धुवायची आणि हळू वाळणारं अराल्डाइट किंचित गरम करून आत मुरवायचं. भोवती सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची. मान गोल आणि निमुळती असते, तिथे शिकंजा धरत नाही, ट्यूब मात्र चारी बाजूंनी सारखा दाब देते. दोन दिवसांनी आतून, बाहेर दिसणार नाही अशा जागी आट्याची पितळी काडी घालतो. असा सांधा वर्षानुवर्षं टिकतो.

वाळवीची जागा मागच्या टोकाला आहे, हे तुमच्या सुदैवाचं. तिथलं दोन-अडीच इंच कापून, मिळत्या रेषांचा अक्रोडाचा तुकडा लाकडी खुंट्यांनी जोडता येतो. वाळवी मानेपर्यंत पोचली असेल तर नाही. टोकाची पट्टी काढून आत बारीक तार घालून बघतात. तार वीतभर आत गेली तर मात्र नवा दस्ता.

नवाच लागला तर 'बारा बोअरचा तयार दस्ता' म्हणजे काय ते समजून घ्या. बारा बोअर हे नळीच्या भोकाचं माप आहे. दस्त्याशी त्याचा काही संबंध नाही. काही बंदुकांत दस्ता मागच्या टोकातून जाणाऱ्या एका लांब बोल्टने धरलेला असतो. त्याच बनावटीचा तयार दस्ता तिथे थोड्या घासकामाने बसतो. जुन्या हातघडणीच्या दुनळीत मात्र लोखंडाचा वरचा आणि खालचा पत्रा, कळीची (बार उडवणाऱ्या यंत्रणेची) जागा, चापाची कडी, सगळं त्या एका बंदुकीपुरतं घासून बसवलेलं असतं. एकाच कारखान्याच्या शेजारच्या नंबरांच्या दोन बंदुकांचे दस्तेही अदलाबदल होत नाहीत.

लाकडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: अक्रोड. काश्मीरकडचं मिळतं. वजनाला बेताचं, धक्का सोसणारं, आणि छिन्नीखाली धारदार कड धरणारं. शिसम चालतं, पण जड होतं आणि बंदुकीचा तोल मागे जातो. बाभळीवर मी वाढलो, पण तिचं वजन आणि आडवेतिडवे रेषे या कामाचे नाहीत. सागवान दारं-खिडक्यांचं राजा लाकूड खरं, पण ते रेषेवर चिरतं आणि अंगच्या तेलामुळे त्यावर सरस नीट धरत नाही. एक गृहस्थ सागवानाचा दस्ता घेऊन माझ्याकडे आले होते. काम आरशासारखं गुळगुळीत, पण दुसऱ्याच बाराला मधोमध उभी चीर गेलेली. दोष एकट्या सागवानाचा नव्हता. वरच्या पत्र्याच्या शेपटीमागे लाकूड अगदी भिडवून ठेवलं होतं. तिथे कागदाएवढी फट सोडावी लागते. धक्का दस्त्याच्या रुंद तोंडाने घ्यायचा असतो. शेपटी लाकडाला भिडली की ती छिन्नी होते.

लाकडाचा तुकडा निवडताना नक्षी मागच्या भागात कितीही असू द्या, मानेतून रेषा सरळ, मानेच्या वळणाबरोबर जाणाऱ्या हव्यात. तिथे आडव्या गेल्या की तो दस्ता आज ना उद्या मोडणार. आणि तुकडा आपल्या हवेत मुरलेला हवा. आपल्याकडे वैशाखात लाकूड खडखडीत वाळतं आणि श्रावणात फुगतं. मी तुकडा वर्षभर दुकानातच, भिंतीपासून सुटा ठेवतो आणि लोखंड बसायच्या खाचा कोरायला उन्हाळ्यातच बसतो. पावसाळ्यात बसवलेला दस्ता पुढच्या मे महिन्यात सैल पडतो.

बसवण्याची रीत मात्र शंभर वर्षांपूर्वीचीच. चिमणीची काजळी लोखंडाला पुसायची, लोखंड लाकडात टेकवून हलकी थाप द्यायची आणि काढायचं. जिथे काळा ठिपका उमटला तिथलंच लाकूड छिन्नीने कांद्याच्या सालीएवढं खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा थाप. सगळ्या तोंडावर सारखा काळा ठसा उठेपर्यंत एका दस्त्याला माझ्या शंभर-दीडशे फेऱ्या होतात. आमचे उस्ताद म्हणायचे, "मियाँ, जल्दी नक्को करो. लकडी बैठती है, बिठाते नईं." जुना दस्ता सांधायला मला दहा-बारा दिवस लागतात, नवा करायला दीड-दोन महिने. कुणी आठवड्यात नवा करून देतो म्हणाला तर तो फटी अराल्डाइटने भरणार आहे.

नवा होतोयच तर माप तुमचं घ्या. चापापासून मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतची लांबी साधारण सव्वाचौदा ते साडेचौदा इंच असते, पण तुमचा हात आखूड असेल तर ती कमी करतात. उजव्या हाताने नेम धरणाऱ्यासाठी दस्ता टोकाशी पाव इंचभर उजवीकडे झुकवतात, डावखुऱ्यासाठी उलट. आजोबांची बंदूक डोळ्याला कधीच नीट लागत नव्हती अशी तक्रार घरात ऐकली असेल तर कारण बहुधा हेच.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. कच्चं, घाण्याचं तेल नीट वाळत नाही, चिकट राहतं. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड लिनसीड' मिळतं, ते वापरतात. तळहातावर चार थेंब घेऊन लाकूड गरम होईपर्यंत चोळायचं, दिवसभर वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं, असे पंधरा-वीस हात. चकचकीत वॉर्निश नको. ते पापुद्र्यासारखं उडतं, आणि लाकूड त्याच्याखाली मेल्यासारखं दिसतं. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेला बोळा आपोआप पेटू शकतो. उन्हात पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

दुरुस्ती झाल्यावर बंदूक तेलाचा अगदी पुसट हात देऊन, नळी खाली करून ठेवा. खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण हळद-कुंकू आणि पाण्याचा शिंतोडा दस्त्याच्या टोकाला लावा, लोखंडाला नको, आणि संध्याकाळी पुसून घ्या. कुंकवाच्या बोटाखाली गंजाचा गोल खड्डा पडलेल्या नळ्या मी दरवर्षी बघतो. लग्नात बार काढायला कुणी मागितली तर देऊ नका. २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि रानडुकरं, रोही शेतात येतात म्हणून हीच बंदूक चालेल असंही धरू नका. पीकसंरक्षणाच्या परवान्याच्या अटी वेगळ्या असतात, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय त्या जनावरांवर बार काढता येत नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण जमा करताना बघून ठेवा. दस्त्याच्या खालच्या अंगाला, टोकापासून वीतभर पुढे, बऱ्याच जुन्या बंदुकांत चांदीची किंवा पितळेची लहान अंडाकृती चकती बसवलेली असते. मळाने ती लाकडासारखीच काळी पडते. ओल्या कापडाने पुसून बघा. आपल्याकडे तिच्यावर मालकाच्या नावाची उर्दू किंवा मोडी अक्षरं मला सापडली आहेत. ती असेल तर दुरुस्तीवाल्याला पहिल्याच दिवशी दाखवा आणि पावतीवर लिहून घ्या. दस्ता नवा करावा लागला तरी ती चकती सोडवून त्याच जागी बसवता येते. जुना दस्ताही परत मागून घ्या. मी दोन्ही देतो. चकतीचा आणि स्क्रूंचा फोटो इथे टाका, मग जुना वाचेल की नवा करावा लागेल याचा माझा अंदाज सांगतो.